साठ नाही, दोन

मामाजी,

तेरवीची भांडी परवा परत गेली. मंडपवाल्याची एक सतरंजी कमी निघाली, ती शेजारच्या ओट्यावर सापडली. पाहुणे गेले, तुमचा मुलगा तिरोड्याला ड्युटीवर परत गेला. घरात आता आई आणि मी. आई म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या पन्नास वर्षांच्या जोडीदार. त्या आत तांदूळ निवडत बसल्या आहेत आणि मी तुमच्या जेवणाच्या टेबलावर तुम्हाला लिहिते आहे. भेटायला आलेल्यांनी तुमच्याबद्दल जे सांगितलं ते सगळं बरोबर होतं, पण त्यात तुम्ही फारसे नव्हता. म्हणून हे.

माझा सहा वर्षांचा प्रबंध या महिनाअखेर जमा करायचा आहे. मुदत दोनदा वाढवून घेतली, तिसऱ्यांदा मिळत नाही. त्या प्रबंधाचा जीव चौथ्या प्रकरणात आहे, आणि चौथं प्रकरण म्हणजे आपल्या बारा बांध्यांतलं यंदाचं धान. चोवीस ढिगांची वजनं झाली. बारा ढिगांच्या पोत्यांवर 'क' लिहिलेलं, बारांवर 'ख'. एका गटातल्या रोपांची मुळं जिवाणूखताच्या पाण्यात बुडवून रोवली होती, दुसऱ्या गटातली नुसत्या काळ्या भुकटीच्या पाण्यात. कोणतं कोणतं, हे मला माहीत नव्हतं. ते तुम्ही ठरवलं होतं, आणि मला न सांगता गेलात. विसरून नाही. मुद्दाम.

या मुद्दामपणाचा मला आधी संताप आला. आता जे वाटतं त्याला मराठीत 'थक्क होणे' म्हणतात. मी सहसा होत नाही.

लोक तुम्हाला 'साहेब' म्हणायचे. तुम्ही साहेब नव्हता. मॅट्रिक झालेले, कृषी खात्यात पीक कापणी प्रयोगांवर आयुष्य घालवलेले कर्मचारी होता. तालुक्यात धान किती पिकलं हे ठरवण्यासाठी निवडक शेतांत मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं, झोडायचं, तोलायचं, लिहायचं. मी वनस्पतीशास्त्र शिकवणारी, गोंदियाच्या बाजारपेठेत वाढलेली, जिथं भांडणंसुद्धा हिंदीत होतात. लग्न होऊन अर्जुनी-मोरगावच्या या गावात आले तेव्हा 'बांधी' म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, वेढलेला, पाणी धरणारा धानाचा तुकडा, हेही मला विचारावं लागलं होतं. त्यानंतर सोळा वर्षं मी तुम्हाला शेतीतलं काही विचारलं नाही. चहा विचारला, औषध विचारलं, लाइट बिल भरलं का विचारलं.

मग दीड वर्षापूर्वीची ती दुपार. या टेबलावर मी दोन हंगामांचे कागद पसरले होते. तुम्ही चष्मा शोधत आलात. चष्मा कागदांखाली होता. तो उचलताना तुमची नजर रोपांच्या उंचीच्या तक्त्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"हे कोनं मोजलं?"

"मीच."

"पहिली दोन पानं तू. हे तिसरं कोनं?"

तिसरं पान कौतिकाबाईनं मोजलं होतं. आपल्याकडे रोवणीला येणारी, हुशार बाई. मला कॉलेजात परीक्षेचं काम लागलं म्हणून मी मोजपट्टी तिच्या हातात देऊन गेले होते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं.

"तुझे आकडे कसेबी संपतात. त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव. हिचे सारे शून्यावर नाही तं पाचावर. रोप काय पट्टी पाहून वाढते?"

मी पान पाहिलं. सत्तर, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, ऐंशी, नव्वद. ते पान मी दहा वेळा पाहिलं होतं. त्यातले आकडे संगणकात भरले होते, दोनदा तपासले होते. सांख्यिकीच्या तीन कार्यशाळांची प्रमाणपत्रं माझ्या फोल्डरमध्ये होती. तिथं कोणतं बटण दाबायचं ते नीट शिकवलं होतं. बटण दाबायच्या आधी आकड्यांकडे पाहायचं असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

तिथं थांबला असतात तर बरं झालं असतं असं मला त्या संध्याकाळी वाटलं. तुम्ही थांबला नाहीत. म्हणालात, "नकाशा काढला असल ना? दाखव."

नकाशा मी अभिमानानं दाखवला. तलावाकडून उतरत जाणाऱ्या बारा बांध्या. वरच्या सहांत खत नाही, खालच्या सहांत खत. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं, म्हणून खतवाल्या खाली ठेवल्या. नाहीतर जिवाणू वाहून बिनखताच्या बांधीत गेले असते आणि तुलना बिघडली असती. हा विचार माझा स्वतःचा होता. गाईड सरांनीही त्याचं कौतुक केलं होतं.

"विचार चांगला केलास," तुम्ही म्हणालात. मग नकाशावर बोट ठेवलंत. "पान्यासंग आनखी काय उतरते खाली?"

"जिवाणू," मी म्हणाले. वनस्पतीशास्त्राची प्राध्यापिका.

"गाळ, बाई. माझ्या आज्यापासूनचा गाळ त्या खालच्या सहा बांध्यांत बसला आहे. तिथं तू नुसतं पानी शिंपलं असतं तरी धान जास्त झालं असतं."

"पण माझ्याकडे साठ नमुने आहेत. प्रत्येक बांधीतून पाच. बारा पंचे साठ."

"साठ नाही, दोन," तुम्ही म्हणालात. "एक वरचं, एक खालचं."

मामाजी, दोन हंगाम. दोन वेळा रोवणी, दोन वेळा कापणी, कॉलेजातल्या सगळ्या रजा, माझ्या पायांना झालेल्या चिखल्या, आणि गाईड सरांनी विभागातल्या सगळ्यांना दाखवलेला तो आलेख, ज्यात दोन स्तंभांमध्ये हत्ती जाईल एवढं अंतर होतं. सगळं तुम्ही एका वाक्यात दोनावर आणलंत, आणि ते खोटं आहे असं म्हणायला मला कुठं जागाच सापडेना. मी शोधली. जेवण होईपर्यंत शोधत होते.

मग भांडले. या घरात तुमच्याशी तोंड वर करून बोलले ती पहिली वेळ. तुम्ही रोज त्याच धुऱ्यावरून जात होता, माझ्या पाट्या, काड्या, दोऱ्या पाहत होता, दोन वर्षं! रागात माझ्या तोंडून तुमचीच बोली आली.

"मंग काऊन नाही सांगितलं?"

तुम्ही भाताचा घास खाली ठेवलात. "तू विचारलं कायले नाही?"

आई वाढता वाढता थांबल्या. हे भांडण आपण कधीच पुरं केलं नाही. नंतर तुम्ही एकदा एवढंच म्हणालात, की मले वाटलं तुले दुसरं काही पाहाचं असल, शिकलेल्या मानसाचं आपल्याले काय समजते. मी तेव्हा भाजी चिरत होते आणि चिरतच राहिले. खरं कारण मला माहीत होतं. मी विचारलं नाही कारण माझ्या हिशोबात तुम्ही मोजणारे होता आणि मी संशोधक. हे बोलायला मला दीड वर्ष मिळालं होतं. बोलले नाही. आता लिहिते आहे. उशिरा केलेल्या नोंदीला तुम्ही किती किंमत द्यायचात ते ठाऊक आहे, पण कोरी जागा सोडण्यापेक्षा बरी.

दुसऱ्या रविवारी मी वही घेऊन तुमच्यासमोर बसले. तुम्हाला बोलावलं नाही, तुम्ही विचारलं नाही. दुपारी दोन ते चार, दर रविवारी. असं वर्षभर चाललं.

पहिल्या दिवशी तुम्ही मूठभर लोंब्या आणून टाकल्या आणि एकेकीतले दाणे मोजायला लावले. चाळीस लोंब्या. माझी मान आखडली. मग म्हणालात, सरासरी काढ. काढली.

"आता याच्यातली तेवढ्या दाण्यांची लोंबी दाखव."

मी शोधायला लागले. एकही नव्हती. एकीत थोडे कमी, एकीत थोडे जास्त, एक बिचारी अर्धी पोचट. चाळीसांत एकही सरासरी लोंबी नाही.

"सरासरी शेतात उगवत नाही," तुम्ही म्हणालात. "ते आपून कागदावर उगवतो. शेतात उगवते तो फरक. मोजाचा आहे तो फरक."

वीस वर्षं मी विद्यार्थ्यांना प्रमाण विचलनाचं सूत्र फळ्यावर लिहून देत आले. ते कशाचं माप आहे, हे मला त्या दिवशी हाताला लागलं. लोंब्यांचा कचरा झाडताना मी विचार करत होते, की मॅट्रिकवर थांबलेल्या माणसानं हे कुठून आणलं. नंतर कळलं, कुठून आणलं नव्हतं. तीस वर्षं लोंब्याच मोजल्या होत्या.

तुमच्या ट्रंकेत आकड्यांची ती पुस्तिका होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. पानंच्या पानं नुसते अंक, कशाचा कशाशी संबंध नसलेले. कोणत्या गट नंबरचं शेत, शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलं लांब, किती पावलं आत, हे सगळं तुम्ही तिच्यातून काढत होता. आई चेष्टेनं म्हणाल्या होत्या, "त्या पुस्तकात गोष्ट तं काहीच नाही, तरी जन्मभर वाचून राहिले." तुम्ही म्हणालात, "गोष्ट नाही म्हनूनच कामाचं आहे."

मला तेव्हा हसू आलं होतं. मग तुम्ही खुंटीचं, मापाचा तुकडा आखायला ठोकतात तिचं, सांगितलंत. एका वर्षी अंकांप्रमाणे पावलं टाकली आणि खुंटी नेमकी म्हशींनी लोळून भुईसपाट केलेल्या जागी आली. शेतकरी हात जोडून म्हणाला, साहेब, दोन पावलं इकडं घ्या ना, हे काय माझं धान आहे? तुम्ही घेतली नाहीत. दुसऱ्या एका वर्षी दुसऱ्या गावात खुंटी सगळ्यात दाट धानात आली. त्या वर्षी पीकविम्याची भरपाई त्या वजनावर ठरणार होती. तो शेतकरी म्हणाला, साहेब, दोन पावलं तिकडं, बाकी सारं शेत पाहा कसं जळालं आहे.

"दोघंबी खरंच बोलत होते, बाई. आनि दोघंबी दोनच पावलं म्हनत होते. पन साऱ्या तालुक्यानं दोन-दोन पावलं सरकवली तं राहिलं काय?"

तीस वर्षांत किती माणसांनी तुम्हाला दोन पावलं मागितली असतील. चहा देऊन, शिव्या देऊन, नात्यातून, पुढाऱ्याच्या फोनवरून. तुम्ही हे कधी मोठेपणानं सांगितलं नाही. माझ्या मनात मात्र ते बसलं. कारण मी स्वतःकडे पाहिलं तर माझ्या दोन हंगामांत मी दोन नव्हे, शंभर पावलं सरकले होते, आणि मला कोणी हातही जोडले नव्हते.

यंदाची आखणी तुमची. बारा बांध्या त्याच. पण प्रत्येक बांधीच्या मधोमध, पाणी वाहतं त्या दिशेनं, मातीचा छोटा धुरा घालून दोन भाग. पाणी दोन्ही भागांत वेगवेगळं घ्यायचं, वेगवेगळं काढायचं. एका भागात क, एका भागात ख. म्हणजे वरची बांधी वरचीच, खालची खालचीच, गाळ दोन्हींना सारखा. "प्रत्येक बांधी सोतासंगच झगडल," तुम्ही म्हणालात. मी तो नकाशा कितीदा पाहिला सांगू? इतका साधा होता, की सहा वर्षांत तो मला का सुचला नाही याची लाज वाटावी. आणि इतका पक्का होता, की लाज वाटायला वेळ मिळाला नाही.

डाव्या भागात क की उजव्या, हे चिठ्ठ्या टाकून. आणि क म्हणजे काय, ते मला कळू द्यायचं नाही. यावर आपलं दुसरं भांडण.

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"माझ्यावरबी नाही. म्हनून तं कापणीच्या वक्ती मी धुऱ्यावर बसून राहीन, विळ्याले हात नाही लावनार. झोडताना कोनत्या पेंढीले एक फटका जास्त पडते, ते कोनाच्या ध्यानात राहते?"

चिठ्ठ्यांच्या दिवशी तुम्ही मला कॉलेजात पिटाळलंत. मी परत आले तेव्हा चोवीस काळ्या पुड्या क-ख लिहून ओसरीत मांडलेल्या होत्या. मी दोन्हींचा वास घेऊन पाहिला. हो, घेतला. काही कळलं नाही. तुम्ही पेपरमागून पाहत होता.

धुऱ्यावर बसायचं मात्र तुमच्याकडून झालं नाही. धान पिवळं झालं आणि कापणीच्या चार दिवस आधी तुम्ही गेलात.

चौथ्या दिवशी कौतिकाबाई दारात येऊन उभी राहिली, विचारावं की नाही अशी. नातेवाइकांत कुजबुज होती, सुतकात कापणी कशी. कापा म्हणणं माझ्या हातात नव्हतं. या घरात मी सून आहे. तेव्हा आतून आईंचा आवाज आला. तीन दिवसांत पहिल्यांदाच मोठा.

"धान काय सुतक पाहते? उभ्या उभ्या झडल. कापा."

कापलं. चोवीस ढीग वेगळे. आपल्या प्रतापगड डोंगराच्या बाजूनं ढग आले त्या दिवशी आम्ही सगळ्या बायकांनी पोती ओढून ओसरीत घेतली. कोणाचं क आणि कोणाचं ख यात एकही पेंढी मिसळली नाही. कौतिकाबाईनं स्वतः शाईनं पाट्या लिहिल्या. वजनं तिला वाचायला लावली आणि शेवटच्या ग्रॅमपर्यंत लिहून घेतली. एकही शून्य-पाचावर ओढलं नाही. पाहिलं असतंत तर बरं झालं असतं.

मग मी तुमची ट्रंक उघडली. किल्ली हवी होती. क म्हणजे काय, तेवढं एक अक्षर. एकतीस डायऱ्या, अंकांची पुस्तिका, टेप, दोन गंजलेल्या खुंट्या. चिठ्ठी नाही. मी डायऱ्यांची पानं झटकत होते तेव्हा आई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय पाहून राहिली?"

"चिठ्ठी. क-ख ची."

"माझ्यापाशी आहे."

मी सुटकेचा श्वास टाकला. "द्या मग."

"हिशोब झाला?"

"नाही अजून."

"मंग कायले?"

मी सांगितलं की मुदत जवळ आली आहे, आता मामाजी नाहीत, आता कोणासाठी लपवायचं. आईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ते म्हनले होते, बाई मांगल. रागावल. तरी देजो नोको." आणि तांदळाकडे परत गेल्या.

मी चिडले होते, हे लिहून ठेवते. मग चिडूनच कामाला बसले. तीन नंबरच्या बांधीत रानडुकरांनी लोळण घेतली होती. तिथं ख जास्त भरलं होतं. ती बांधी वगळावी असं मला मनापासून वाटत होतं, नुकसान झालेली आहे, वगळणं शास्त्रीय आहे. मी ती ओळ खोडायला गेले आणि थांबले. नऊ नंबरच्या बांधीतही डुकरं येऊन गेली होती. तिथं क जास्त होतं. ती वगळावी असं मला मुळीच वाटलं नव्हतं. म्हणजे माझ्या मनानं न सांगताच ठरवून टाकलं होतं, की क म्हणजे खत. कशावरून? वजनाच्या दिवशी पहिली चार पोती क ची जड लागली म्हणून.

मामाजी, तिथं मी विळा खाली ठेवावा तसा हात टेबलावर ठेवला. तुम्ही जिवंत असताना मला चोर समजता असं मला वाटलं होतं. तुम्ही मला चोर समजत नव्हता. तुम्हाला फक्त माणसाचा हात माहीत होता, तुमचा, माझा, कोणाचाही. आणि तो हात कधी कुठं सरकेल हे तुम्ही चार महिने आधी ओळखून, तुम्ही नसाल तेव्हाही तो अडेल अशी सोय करून गेलात. आपण पेरणीआधी वहीत नियम लिहिला होता: पाव बांधीपेक्षा जास्त नुकसान असेल तरच वगळायचं. दोन्हींत तेवढं नव्हतं. दोन्ही ठेवल्या.

बारा बांध्या, बारा वजाबाक्या. काही उणे, काही अधिक. त्या बारांची सरासरी काढली, त्यांचा आपापसातला फरक काढला, आणि त्यावरून ती पट्टी काढली जी तुम्ही मला सगळ्यात शेवटी शिकवलीत: खरा फरक इथपासून तिथपर्यंत कुठंही असू शकतो, याच्यापेक्षा जास्त बोलायचा आपल्याला हक्क नाही. पट्टीचं एक टोक शून्याच्या अलीकडे पडलं, एक पलीकडे. म्हणजे क आणि ख मध्ये फरक आहे असं म्हणता येत नाही.

पहिल्या दोन वर्षांत हत्ती जाईल एवढं अंतर. ते सगळं गाळाचं होतं. मग एकदम लक्षात आलं, की आता चिठ्ठीत काहीही असो, माझं वाक्य बदलत नाही. क म्हणजे खत असेल तरी तेच, ख असेल तरी तेच. ज्या अक्षरासाठी मी ट्रंक उपसली, त्याची गरजच उरली नव्हती.

गाईड सरांना फोन केला. ते वाईट नाहीत, त्यांना माझी काळजी आहे. म्हणाले, "मॅडम, पहिली दोन वर्षं इतकी सुंदर आली आहेत. तीच मुख्य ठेवा. यंदाचं परिशिष्टात टाकून द्या ना."

"सर, पहिल्या दोन वर्षांत मी गाळ मोजला आहे."

"परीक्षक विचारतील, मग सहा वर्षं केलं काय?"

"विचारू देत. उत्तर आहे."

"पदवी अडकली तर?"

"तर अडकली." हे मी म्हणाले खरी. तिसऱ्यांदा मुदत नाही आणि पुन्हा नोंदणी करायचं माझं वय नाही. तरी फोन ठेवून मी पुन्हा लिहायला बसले.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलेलं नाही. तुम्ही म्हणायचात, ते जुने आकडे जाळ, खोटी मापं घरात ठेवू नये. मी म्हणायचे, मापं खरी आहेत, मांडणी खोटी आहे. हे आपलं तिसरं भांडण, आणि त्याचा निकाल आता मी एकटीनं लावला. तिसरं प्रकरण त्यांचंच आहे. नकाशासकट. चूक काय, का झाली, कोणी दाखवली. 'साठ नाही, दोन' हे तुमचं वाक्य त्यात आहे, तुमच्या नावासकट. रागवायचं तर रागवा.

काल दुपारी छापील कागद घेऊन मी आईंकडे गेले.

"हिशोब झाला."

"पुरा?"

"पुरा."

"आता बदलवाचा तं नाही?"

"नाही."

त्यांनी कपाटातल्या साडीच्या घडीतून चिठ्ठी काढून दिली. दोनच ओळी. क: खत. ख: नुसती भुकटी. खाली सही, तारीख. मी पाठ उलटून पाहिली, हे कबूल करते. पाठ कोरी होती. त्यावर तुम्ही माझ्यासाठी काही लिहिलं असतंत तर मला तुमचा थोडा रागच आला असता.

"मंग?" आई म्हणाल्या. "खत कामाचं आहे का नाही?"

"सांगता येत नाही. असलाच फायदा तर तो एवढ्यापेक्षा मोठा नसणार, एवढं सांगता येतं."

"सहा साल करून?"

"हो."

"हे तं तीस साल करूनबी असंच बोलत होते." त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "नऊ नंबरात खतवालं भरलं असल ना जास्त? तिथली खताची रोपं मले तेव्हाच चांगली दिसली होती."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही चिठ्ठी वाचली होती?"

"वाचाले कायले लागते? पुड्या मीच तं बांधल्या. तुझ्या मामाजीच्या हाताले कंप होता."

चार महिने. रोवणीपासून तेरवीपर्यंत. मी याच टेबलावर रोज बोलत होते, क जड लागतंय वाटतं, ख पिवळं पडतंय वाटतं, आणि त्या म्हणत होत्या, चहा घे. घरातला माणूस गेला तेव्हाही ते एक अक्षर त्यांच्या तोंडून सुटलं नाही. संशोधनपद्धतीवर मी आजवर जेवढी भाषणं ऐकली, त्यांत एकालाही या बाईची सर नाही.

प्रबंध सोमवारी जमा करते आहे. आईंना सांगितलं, की बारा बांध्या कमी पडल्या, पट्टी अरुंद करायची तर जास्त लागतील. पण ते पदवीसाठी नाही, ते आता मला स्वतःला जाणून घ्यायचं आहे.

"यांच्या लहान्या भावाच्या वाट्याच्या आठ आहेत खालच्या अंगाले," त्या म्हणाल्या. "मांग त्याले. पन मले आताच सांगून ठेव, ऐन उन्हाळ्यात नोको. दोन्ही भुकट्या सारख्या दिसाव्या म्हनून चाळाले मले लय दिवस लागले होते."